घरात ऑक्सिजन, देवापुढे निरांजन

जबलपूरच्या ग्वारीघाट परिसरात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कुणाचे आजोबा गन कॅरेज फॅक्टरीत किंवा खमरियाच्या आयुध निर्माणीत नोकरीला आले, कुणी रेल्वेत, कुणी त्याही आधी नागपूरकर भोसल्यांच्या काळात. या घरांतली ज्येष्ठ मंडळी आता सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत आणि अनेकांच्या खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन आलं आहे. सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होत जाण्याचा जुनाट आजार), क्षयरोग बरा झाल्यानंतर राहिलेली फुप्फुसाची हानी, फुप्फुसं कडक होत जाण्याचा आजार ही त्याची नेहमीची कारणं. दुसरीकडे नर्मदा परिक्रमेच्या बसमधून पुणे, नाशिक, नागपूरकडचे यात्रेकरू याच घाटावर उतरतात, आणि त्यांच्यातल्या काहींच्या सामानात हल्ली छोटा सिलिंडर असतो.

या कुटुंबांचे प्रश्न बहुतेक तेच ते असतात. दिवसभर नळी लावून ठेवायची का? धाप वाढली की ऑक्सिजनच्या प्रवाहाचा काटा वाढवायचा का? लाइट गेली तर काय? संध्याकाळी देवापुढे दिवा लावायचा की नाही? आईला घाटावरच्या आरतीला नेता येईल का? शेवटचे दोन प्रश्न डॉक्टरांसमोर विचारायला लोक संकोचतात. घरगुती ऑक्सिजनचा मोठा धोका नेमका तिथेच असतो, म्हणून या लेखात त्यांना जास्त जागा दिली आहे.

आधी खात्री करा: ऑक्सिजन खरंच लागतो का?

ऑक्सिजन हे औषध आहे. कायद्याच्या दृष्टीनेही तो औषधांतच मोडतो. म्हणजे त्याला मात्रा आहे, वेळ आहे, दुष्परिणामही आहेत. धाप लागणं आणि रक्तातला ऑक्सिजन कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीओपीडीच्या अनेक रुग्णांना सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, 94 असतानाही जिना चढताना धाप लागते. अशा वेळी उपयोग होतो इन्हेलरचा, श्वसनाच्या व्यायामाचा, धूम्रपान सोडण्याचा. नळीने फारसा फरक पडत नाही.

दीर्घकाळ घरी ऑक्सिजन द्यायचा निर्णय साधारणपणे असा होतो:

- आजार स्थिर असताना, विश्रांतीत, रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब 55 मिमी एचजी किंवा त्याहून कमी असेल, किंवा सॅच्युरेशन 88 टक्के किंवा त्याहून कमी असेल, तर.
- दाब 56 ते 59 असेल, पण सोबत हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण, पायांवर सूज किंवा रक्त दाट झाल्याची चिन्हं असतील, तरीही.

यासाठी मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन केली जाणारी एबीजी तपासणी व्हायला हवी. केवळ बोटाच्या ऑक्सिमीटरवर हा निर्णय सोडू नका. थंड बोटं, मेंदी, नेलपॉलिश यांनी आकडा चुकतो, आणि सावळ्या त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतं. एबीजीने आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आहे का. ती का महत्त्वाची, ते पुढे येतंच. जबलपूरमध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयात श्वसनरोगांचा स्वतंत्र विभाग आहे. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर तिथे जा.

सॅच्युरेशन विश्रांतीत 89 ते 93 च्या दरम्यान असेल, तर दीर्घकाळ ऑक्सिजन दिल्याने आयुष्य वाढत नाही आणि इस्पितळाच्या वाऱ्याही कमी होत नाहीत, असं 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसलं. शेजाऱ्यांकडे मशीन आहे म्हणून आपल्याकडेही आणून ठेवण्याआधी हे ध्यानात घ्या.

आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट: न्यूमोनियासारख्या आजारातून इस्पितळातून सोडताना ऑक्सिजन लिहून दिला असेल, तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून घ्या. बऱ्याच जणांची फुप्फुसं तोवर सावरलेली असतात आणि मशीनची गरज संपलेली असते. तरीही पुन्हा बघायला कुणी सांगितलं नाही म्हणून माणूस वर्षानुवर्षं नळीला बांधलेला राहतो.

चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून घ्या

“घरी ऑक्सिजन द्या” एवढंच लिहिलेली चिठ्ठी अपुरी आहे. डॉक्टरांना विचारून पुढच्या चार गोष्टी लिहून घ्या, तो तुमचा हक्क आहे:

1. मिनिटाला किती लिटर: विश्रांतीत किती, चालताना किती, झोपेत किती.
2. दिवसातले किती तास.
3. सॅच्युरेशन किती ते किती ठेवायचं.
4. पुन्हा तपासणी कधी.

सीओपीडीच्या ज्या रुग्णांत कार्बन डायऑक्साइड साठण्याची शक्यता असते, त्यांच्यासाठी तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर बहुधा 88 ते 92 असं असतं. घरच्यांना हे पटायला जड जातं. 98 दिसला की जीव भांड्यात पडतो, म्हणून मुलगा रात्री गुपचूप काटा दोनवरून चारवर नेतो. अशा फुप्फुसात गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन गेला की कार्बन डायऑक्साइड साठत जातो, माणूस सुस्तावतो आणि पुढे बेशुद्धही होऊ शकतो. सकाळी उठल्यावर डोकं जड होणं, दिवसा न आवरणारी झोप, असंबद्ध बोलणं, पसरलेले हात फडफडणं ही त्याची लक्षणं. ती दिसली की काटा वाढवायचा नाही, तडक इस्पितळ गाठायचं. चिठ्ठीबाहेरचा प्रवाह कुणीही स्वतःच्या मनाने ठेवायचा नाही, मुलाने नाही आणि मशीन बसवायला आलेल्या माणसानेही नाही.

पंधरा तास, आणि उरलेले नऊ

“चोवीस तास लावायचं ना?” याचं उत्तर बहुतेकांना सुखावणारं आहे. ब्रिटनमध्ये 1981 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवसाला निदान 15 तास ऑक्सिजन घेणाऱ्या रुग्णांपैकी 45 टक्के पाच वर्षांत दगावले. न घेणाऱ्यांपैकी 67 टक्के. तेव्हापासून 15 तास ही किमान मात्रा मानली जाते. चोवीस तास घेतल्याने आणखी फायदा होतो का, हे स्वीडनमध्ये 241 रुग्णांवर तपासलं गेलं. 2024 मध्ये निष्कर्ष आला तेव्हा मृत्यू आणि इस्पितळात दाखल होणं यांत 15 आणि 24 तासांच्या गटांमध्ये फरक आढळला नाही.

तेव्हा ज्यांना डॉक्टरांनी 15 तास सांगितले आहेत, त्यांच्या हातात दिवसाचे नऊ तास मोकळे राहतात. या नऊ तासांचं नियोजन नीट केलं तर पूजा, स्वयंपाकघर, अंघोळ, दाराशी बसणं, सगळं त्यात बसतं. रात्रीची झोप नऊ तास, दुपारची वामकुक्षी दोन तास, जेवणं आणि टीव्ही किंवा वाचन यांचे चार तास, असे पंधरा सहज भरतात. झोपेत, जेवताना आणि श्रम करताना ऑक्सिजन खाली जातो, म्हणून त्या वेळा नळीच्या वाट्याला द्या.

काही रुग्णांना मात्र नळी काढल्यावर बसल्या जागीही त्रास होतो. फुप्फुसं कडक झालेल्यांचं सॅच्युरेशन चार पावलांत घसरतं. अशांसाठी हे नऊ तासांचं गणित लागू नाही. तुम्ही कुठल्या गटात आहात, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

दिवा, उदबत्ती, शेगडी, बिडी

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याच्या सान्निध्यात सगळं लवकर पेटतं आणि भराभर जळतं. नळीतून सतत येणारा वायू साडीत, स्वेटरमध्ये, दाढीत, केसांत, गोधडीत मुरतो. नळी काढल्यावरही तो काही वेळ तिथेच असतो. नेहमी विझून जाणारी ठिणगी अशा कपड्यावर भडकते, आणि नळी नाकात असेल तर ज्वाळा नळीच्या मार्गाने चेहऱ्यापर्यंत येते.

घराघरांत पाळायचे नियम:

- ऑक्सिजन चालू असताना कोणत्याही ज्वाळेपासून निदान तीन मीटर, म्हणजे दहा फूट अंतर. ज्वाळेत गॅसची शेगडी, निरांजन, समई, उदबत्ती, धूप, कापूर, मच्छर कॉइल, मेणबत्ती, दिवाळीची पणती, सगळं आलं. विजेचा हीटरही दीड-दोन मीटर दूर.
- नळी काढून लगेच देवघरात जाऊ नका. आधी मशीन बंद करा किंवा सिलिंडरची चावी फिरवा. निदान अर्धा तास मोकळ्या हवेत थांबा, वरचा कपडा बदला, मग दिवा लावा.
- नळी काढून चालूच ठेवत पांघरुणावर टाकणं ही फार सर्रास होणारी आणि घातक चूक आहे. गादी ऑक्सिजनने भरून जाते.
- देवघर आणि रुग्णाची खोली एकच असेल तर दोहोंपैकी एक हलवा. लहान घरात तेही जमत नसेल तर देवापुढे विजेचा दिवा लावा. त्यात देवाचा अनादर आहे असं ज्येष्ठांना वाटत असेल, तर घरातल्या दुसऱ्या कुणी दुसऱ्या खोलीत निरांजन लावून आरती तबकात न आणता नुसता प्रसाद आणावा. आरतीवर हात फिरवायला तबक खाटेजवळ नेणं कटाक्षाने टाळा.

स्वयंपाक करणाऱ्या बाईलाच ऑक्सिजन लागत असेल तर घरात मोठी ओढाताण होते. चुलीच्या धुरात आयुष्य काढल्याने सीओपीडी झालेल्या बायका आपल्याकडे खूप आहेत आणि त्यांना स्वयंपाकघर सोडवत नाही. “पाच मिनिटं फोडणी देते” म्हणत नळी लावूनच त्या ओट्याशी जातात. इथे घरच्यांनी ठाम राहायला हवं. भाजी निवडणं, कणीक मळणं, निवडटिपण टेबलावर बसून नळीसह करता येतं. गॅस पेटवायचं काम दुसऱ्याचं, किंवा नळी काढून अर्ध्या तासानंतरचं.

जबलपूरच्या थंडीत दार बंद करून खोलीत कोळशाची शेगडी ठेवण्याची सवय जुनी आहे. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत ती दुहेरी घातक ठरते. एक तर आग; दुसरं म्हणजे कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड. त्याने माणूस गुदमरत असतानाही बोटावरचं ऑक्सिमीटर 97-98 दाखवत राहतं, कारण त्या यंत्राला दोन्ही वायूंतला फरक ओळखता येत नाही. तेव्हा आकडा चांगला आहे म्हणून निर्धास्त राहू नका. थंडीसाठी गोधड्या, गरम कपडे, गरम पाण्याची पिशवी वापरा.

बिडी-सिगारेटबद्दल आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. घरच्या ऑक्सिजनने लागणाऱ्या आगींत धूम्रपान हे सर्वांत मोठं कारण आहे. हा तेंदूपत्त्याचा मुलूख. बिडी इथे हाताशी असते. रुग्ण स्वतः ओढत असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. ते ओरडतील या भीतीने लपवलं तर पूर्ण घर धोक्यात येतं. सुटत नसेल तर निकोटिनच्या गोळ्या आणि समुपदेशन मिळतं, ते मागून घ्या. भेटायला येणाऱ्यांसाठी दारावर “आत ऑक्सिजन आहे, बिडी-सिगारेट-काडीपेटी आणू नये” अशी हिंदीत पाटी लावा. आजूबाजूची वस्ती हिंदी बोलणारी आहे, हे लक्षात असू द्या.

नाकात तेल, तूप, बाम नको

नळीने नाक कोरडं पडतं, कानामागे सोलवटतं. मग कुणी खोबरेल लावतं, कुणी नाकात गाईच्या तुपाचे थेंब सोडतं, कुणी पेट्रोलियम जेली किंवा बाम. हे सगळे पदार्थ ऑक्सिजनजवळ ज्वलनाला मदत करतात, आणि तेलकट थेंब श्वासासोबत फुप्फुसात उतरले तर तिथेही इजा करतात. पाण्यावर आधारित जेल किंवा सलाइनचे थेंब वापरा. कानामागे सुती कापडाची पट्टी गुंडाळा. तेलकट, तुपाच्या हातांनी सिलिंडरची चावी किंवा रेग्युलेटर कधीही हाताळू नका. उच्च दाबाच्या ऑक्सिजनला तेल लागलं तर ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतं. सॅनिटायझर लावला असेल तर हात पूर्ण वाळू द्या.

मशीन घ्यायचं की सिलिंडर?

बहुतेक घरांत दोन्ही लागतात: रोजच्यासाठी मशीन, लाइट गेल्यावर सिलिंडर. मशीन, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, खोलीतलीच हवा आत घेऊन नायट्रोजन वेगळा करतं आणि साधारण 93 टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन देतं. ते भरावं लागत नाही, पण वीज लागते.

गरज कायमची आहे की तात्पुरती हे ठरेपर्यंत, म्हणजे पहिले दोन-तीन महिने, भाड्याने घ्या. विकत घ्यायचंच असेल तर:

- तुम्हाला लागणाऱ्या प्रवाहावर शुद्धता किती येते, ते विक्रेत्याला अॅनालायझर लावून दाखवायला सांगा. 2021 च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेत घाईघाईत आलेली बरीच हलकी मशीनं अजून हातोहात फिरत आहेत. त्यांतून हवा येते, ऑक्सिजन पुरेसा येत नाही. जुनं मशीन घेताना ही तपासणी केल्याशिवाय पैसे देऊ नका.
- शुद्धता घसरल्यावर वाजणारा अलार्म आहे का, किती तास चाललं हे दाखवणारा मीटर आहे का, ते बघा.
- दुरुस्ती जबलपूरमध्येच होते का, आणि दुरुस्तीच्या काळात बदली मशीन मिळतं का, हे बिलावर लिहून घ्या.
- खांद्याला अडकवायच्या छोट्या मशीनवरचा “2” हा आकडा म्हणजे दोन लिटर नव्हे. ती मशीनं बहुधा श्वास आत घेतानाच ऑक्सिजनचा झोत सोडतात. झोपेत तोंडाने श्वास घेणाऱ्याला ती पुरत नाहीत. रात्रीसाठी ते मशीन चालेल का, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोठी रक्कम गुंतवू नका.

मशीन भिंतीपासून फूटभर दूर, पडद्याआड किंवा कपाटात कोंडून नको. स्वतंत्र प्लग, नीट अर्थिंग. एक्स्टेंशन बोर्डावर फ्रिजसोबत नको. बाहेरची जाळी आठवड्याला धुऊन, पूर्ण वाळवून बसवा. लांब नळी भिंतीच्या कडेने न्या, म्हणजे रात्री कुणी अडखळणार नाही. नाकातली नळी दोन ते चार आठवड्यांनी बदला. सर्दी-खोकला होऊन गेला असेल तर लगेच.

ऑक्सिजन ओलसर करणारी बुडबुड्यांची बाटली बरेच जण उगाच लावतात. चार लिटरच्या आत प्रवाह असेल तर ती सहसा लागत नाही. लावायचीच असेल तर त्यात डिस्टिल्ड पाणी, नसेल तर उकळून गार केलेलं. पाणी रोज बदला; वरच्या आणि खालच्या रेषेच्या मध्ये ठेवा; बाटली धुऊन वाळवा. श्रद्धेने त्यात नर्मदेचं पाणी घालण्याचा मोह होतो. ते पाणी तीर्थ म्हणून ओठाला लावा. बाटलीत मात्र नको, कारण त्यातले जंतू थेट आजारी फुप्फुसात जातात.

लाइट गेली तर

पाच लिटरचं मशीन साधारण 350 वॅट खातं. पंधरा तासांना सव्वापाच युनिट, महिन्याला दीडशेच्या वर. बिल वाढेल, त्याची तयारी ठेवा. बिल वाचवायला रात्री मशीन बंद करणारी घरं आहेत. झोपेतच ऑक्सिजन जास्त घसरतो, म्हणून ही बचत चुकीच्या जागी होते.

150 अॅम्पिअर-अवरच्या एका बॅटरीवर असं मशीन तीन-साडेतीन तास चालतं. बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा घ्या. त्यापुढच्या वेळेसाठी सिलिंडर. मेडिकल ऑक्सिजनचा सिलिंडर काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या खांद्याचा असतो. दुसऱ्या रंगाचा आला तर परत पाठवा. किती वेळ पुरेल याचा हिशोब असा:

- लहान, दहा लिटर पाणी मावेल असा सिलिंडर पूर्ण भरला असेल तर त्यात सुमारे 1500 लिटर वायू असतो. मिनिटाला एक लिटरने 25 तास, दोन लिटरने साडेबारा तास.
- मोठ्यात सुमारे 7000 लिटर. दोन लिटरने जवळपास 58 तास.
- दाबाचा काटा निम्म्यावर आला की वेळही निम्मा. पाव उरला की नवा मागवा, शून्याची वाट पाहू नका.

सिलिंडर उभा, भिंतीला साखळीने बांधलेला हवा. चावी त्यालाच दोरीने अडकवलेली हवी. लाइट गेल्यावर काळोखात चावी शोधण्याची वेळ येऊ नये, आणि शोधायला कुणी काडी ओढू नये. टॉर्च जवळ ठेवा. महिन्यातून एकदा घरातल्या प्रत्येकाने मशीनवरून सिलिंडरवर जाण्याचा सराव करावा. घरी सून एकटी असेल तेव्हाच लाइट जाते, असं गृहीत धरून तिला सगळ्यात आधी शिकवा. वीज वितरण कंपनीच्या स्थानिक कार्यालयात डॉक्टरांच्या चिठ्ठीसह लेखी अर्ज देऊन पोच घ्या, की या जोडणीवर प्राणवायूचं उपकरण चालतं. त्याने वीज कायम राहील असं नाही, पण नियोजित बंदची आगाऊ सूचना मागता येते. तक्रारीसाठी 1912.

घाटावर जायचंय

ग्वारीघाटावर संध्याकाळच्या आरतीला गर्दी, धूप, कापूर आणि शेकडो दिवे असतात. लोक पानांच्या द्रोणांत दिवे ठेवून नर्मदेत सोडतात. नर्मदा जयंतीला आणि कार्तिकी पौर्णिमेला तर पाय ठेवायला जागा नसते. चालू नळीसह या गर्दीत जाऊ नका. कुणाच्या हातातला दिवा कधी खांद्याशी येईल सांगता येत नाही. धुराचा त्रास वेगळाच.

दर्शन मात्र चुकवायला हवं असं नाही. पहाटे किंवा सकाळी उन्हं वर आल्यावर जा. दिवे कमी असतात, वाहन घाटाच्या वरपर्यंत नेता येतं. पायऱ्या उतरणं सोपं, चढणं कठीण. पायऱ्यांचे श्रम नळीविना करू नका, आणि शक्य तर वरच खुर्ची टाकून नदी बघा. पलीकडच्या गुरुद्वाऱ्याला जायच्या नावेत सिलिंडर आडवा, सुटा ठेवू नका. संध्याकाळची आरतीच बघायची असेल, तर विश्रांतीत नळीविना राहण्याची डॉक्टरांनी मुभा दिली असेल तरच, सिलिंडर गाडीत बंद ठेवून, गर्दीपासून दूर बसून. गाडीत सिलिंडर पट्ट्याने बांधा, काच थोडी उघडी ठेवा, पेट्रोल पंपावर बंद करा, उन्हात डिकीत टाकून जाऊ नका.

परिक्रमेला निघणाऱ्यांनी अमरकंटकचा विचार आधी करावा. जबलपूर समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आसपास आहे, अमरकंटक हजाराच्या वर. निरोगी माणसाला हा फरक जाणवतही नाही. 89-90 वर काठावर असणाऱ्याला तो खाली ढकलू शकतो. त्या दिवसांपुरता प्रवाह किती ठेवायचा, हे निघण्याआधी लिहून घ्या. आयोजकांनाही आधीच सांगा. बसमध्ये पुढची जागा, चार्जिंगची सोय, मुक्कामी तळमजल्याची खोली मागा. बसमध्ये उदबत्ती लावून आरती होते, तेव्हा ती तुमच्यासाठी थांबवायला सांगण्यात संकोच नको.

रेल्वेत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रवास करणाऱ्या रुग्णासोबत ऑक्सिजनचा सिलिंडर स्टँडसह विनाशुल्क नेता येतो, सगळ्या वर्गांत. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जवळ हवं. डब्यातल्या मोबाइल चार्जिंगच्या जागेवर घरचं मोठं मशीन लावू नका. विमानात स्वतःचा सिलिंडर चालत नाही. मान्यताप्राप्त छोटं मशीन चालतं, पण विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म आधी भरावा लागतो. डुमना विमानतळावर पोचून ही चर्चा करायला वेळ नसतो.

अचानक त्रास झाला तर

घाबरून काटा वाढवण्याआधी हे क्रमाने बघा. रुग्णाला टेकून बसवा. नळी दुमडली आहे का? जोड सुटला आहे का? नळीचं टोक ग्लासभर पाण्यात बुडवा. बुडबुडे येत नसतील तर दोष मशीनमध्ये आहे, सिलिंडरवर जा. बुडबुडे येत आहेत, तरी सॅच्युरेशन नेहमीपेक्षा खाली आहे, ओठ निळसर झालेत, वाक्य पुरं बोलता येत नाही किंवा गुंगी आली आहे, तर 108 ला फोन. रुग्णवाहिकेतल्या आणि इस्पितळातल्या कर्मचाऱ्यांना चिठ्ठीवरचं लक्ष्य सांगा. ते 88 ते 92 असेल तर ते एका कार्डावर हिंदी आणि इंग्रजीत लिहून रुग्णाच्या खिशात ठेवा. धावपळीत मोठा मास्क लावून जोरात ऑक्सिजन सोडला जाऊ नये, यासाठी ते उपयोगी पडतं.

आग लागली तर आधी ऑक्सिजनचा स्रोत बंद, नळी दूर, माणसं बाहेर, मग 101 किंवा 112. घरात सिलिंडर आहे हे अग्निशमनवाल्यांना पहिल्याच वाक्यात सांगा.

पैसे कुठून, हक्क कोणते

- आयुष्मान भारत: कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत इस्पितळातल्या उपचारांचं संरक्षण, ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो. पण ही योजना दाखल होऊन घेतलेल्या उपचारांची आहे. घरच्या मशीनचा खर्च त्यातून निघेल असं समजून चालू नका.
- सीजीएचएस आणि ईसीएचएस: आयुध निर्माणी आणि केंद्र सरकारच्या निवृत्तांना, माजी सैनिकांना तज्ज्ञाच्या शिफारशीवर कॉन्सन्ट्रेटर मंजूर होऊ शकतो. आधी लेखी मंजुरी, मग खरेदी. उलट केलं की बिल अडकतं.
- खासगी विमा: इस्पितळाबाहेर वापरायचा ऑक्सिजन सिलिंडर विमा नियामकाच्या यादीत सहसा न मिळणाऱ्या बाबींमध्ये आहे. तुमच्या पॉलिसीत वेगळी तरतूद आहे का ते वाचा. काही कंपन्या घरी घेतलेल्या उपचारांचं कलम देतात.
- भाडं आणि डिपॉझिट: पक्की पावती, मशीनचा क्रमांक, परतीची अट, डिपॉझिट किती दिवसांत परत, हे लेखी घ्या. मशीन सदोष निघालं किंवा डिपॉझिट अडवलं तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पावतीशिवाय यांतलं काहीच पुढे सरकत नाही.
- मशीन परत करताना: गरज संपल्यावर ते माळ्यावर टाकू नका. भाड्याचं असेल तर त्याच आठवड्यात परत द्या, नाहीतर भाडं चालू राहतं. स्वतःचं असेल आणि दुसऱ्याला द्यायचं असेल, तर नळी आणि बाटली फेकून द्या, जाळ्या बदला, शुद्धता तपासून घ्या आणि तो तपासणीचा कागद मशीनसोबत द्या. सोबत आपली चिठ्ठी देऊ नका. घेणाऱ्याने स्वतःच्या डॉक्टरांकडून, स्वतःच्या एबीजीवर, स्वतःची मात्रा लिहून आणावी.